पट कोणाच्या घरीं?

खेळांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा दोनच गोष्टींचा विचार करितात: खेळ कोणता होता आणि तो कोण खेळत असे. सोंगट्या हस्तिदंती होत्या कीं लांकडी, फांसे किती बाजूंचे होते, राजेलोक पणास काय लावीत, ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तो पट कोणाच्या घरीं मांडला जाई, दिव्यांत तेल कोण घाली, डाव अर्धा राहिला तर रात्रभर तो तसाच कोण सांभाळी, आणि तंटा झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हींही ते कधीं विचारले नव्हते. ते आम्हांस सुचले गेल्या मे महिन्याच्या सुटींत, आणि तेही एका खेड्यांतल्या ओसरीवर.

ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत शेणवा नांवाचें गांव आहे. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही चार दिवस तेथें गेलों होतों. मे महिना म्हणजे त्या बाजूस राब भाजून झालेले, विहिरींचे तळ दिसूं लागलेले, आणि शाळा बंद. दुपारीं पाहतों तों ओसरीवर सहा-सात मुलें हातांत मोबाईल धरून, माना खालीं घालून बसलेलीं. शहरांत जें दृश्य पाहून आम्ही कंटाळलों तेंच येथेंही दिसल्यामुळें आम्हीं थोड्या त्राग्यानेंच म्हटलें, “अरे, त्या मुंबई-सिंगापूरच्या कंपन्यांच्या खेळांत काय एवढें डोकें घालून बसलां आहां?” तेव्हां घरचा मुलगा वर पाहून म्हणाला, “सर, हा गेम कंपनीचा नाहीं. गेम आमच्या घरांतच आहे. तो बघा, कणगीच्या बाजूला.” आणि खरोखरच भाताच्या कणगीशेजारीं, एका पाटावर, एक जुना संगणक घरघरत होता. त्यास पडदा नव्हता, कळफलक नव्हता; नुसती पेटी, आणि तिच्यांतून निघालेली एक तार.

ह्या पेटीस मुलें सर्व्हर म्हणत. ज्या यंत्रावर खेळाचा खरा पट मांडलेला असतो तें यंत्र म्हणजे सर्व्हर. खेळणाऱ्याच्या हातांतील मोबाईलवर दिसतें तें त्या पटाचें केवळ चित्र. मुलानें बोटानें एक वीट उचलली, म्हणजे वस्तुतः “अमुक ठिकाणची वीट मला उचलावयाची आहे” एवढाच निरोप त्या पेटीकडे जातो. पेटी नियम पाहते, वीट उचलूं देते, आणि ती उचलल्याची वार्ता बाकीच्या सर्वांस कळविते. मुलें जो खेळ खेळत होतीं त्याचें नांव लुआंटी. पेर्टू अहोला ह्या फिनलंडच्या गृहस्थानें २०१० सालीं तो ‘माइनटेस्ट’ ह्या नांवानें आरंभिला, आणि २०२४ मध्यें त्याचें नांव बदललें. तो सर्वांस विनामूल्य मिळतो; इतकेंच नव्हे, तर त्याची मूळ आज्ञावलीही कोणास वाचतां व बदलतां येते. ठोकळ्यांवर ठोकळे रचून डोंगर, घरें, रस्ते उभारावयाचे, असें त्याचें सामान्य स्वरूप. शेणव्याच्या मुलांनीं त्यांत एक गांवच वसविलें होतें.

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनांत घोळूं लागला. आपल्या समाजांत पट कोणाच्या घरीं असे, तो तेथून केव्हां उठला, आणि तो परत आणणें हें मुलांचें केवळ वेड आहे कीं त्यांत कांहीं शहाणपण आहे?

आपल्याकडील जुनी रीत वाचकांस ठाऊकच आहे. सोंगट्यांचा पट कापडाचा असे, तो गुंडाळून खुंटीस टांगलेला असे, आणि ज्याच्या घरीं तो असे त्याच्या ओसरीवर संध्याकाळीं मंडळी जमत. पटाचा धनी हा त्या सभेचा यजमानही असे. पानसुपारी त्याची, दिवा त्याचा, आणि फांसा जोत्यावरून खालीं पडला तर तो धरावा कीं नाहीं ह्याचा निवाडाही त्याचा. पुस्तकांत छापलेला नियम नव्हताच. प्रत्येक घराचा नियम वेगळा. म्हणूनच एका गांवचा पटाईत दुसऱ्या गांवीं गेला म्हणजे प्रथम “तुमच्याकडे कसें खेळतात?” असें विचारून मग बसे. खेळाचे नियम छापून सर्वत्र सारखे करण्याची कल्पना पुष्कळ अलीकडची. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला, आणि खो-खोसारख्या आपल्या मैदानी खेळाचे नियम त्या संस्थेनें १९१४ सालीं लेखनिविष्ट केले, तेव्हांपासून ह्या गोष्टीस खरें वळण लागलें. तोंपर्यंत नियम हा घराचा किंवा आळीचा असे.

परंतु ह्या जुन्या ओसरीचें कौतुक करितांना तिचा दुसरा भाग झांकून ठेवणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. ओसरीवर कोणीं चढावें आणि कोणीं अंगणांतच उभें राहावें हें जातीनें ठरलेलें असे. बायका खेळत त्या माजघरांत, आणि पुरुषांचा पट उठल्यावर. यजमान उदार असला तर सारी आळी सुखी. तो हेकट असला तर मुलांनीं भिंतीआडून डोकवावें आणि परत जावें. पट घरीं असण्यांत जें सुख होतें त्याची ही किंमत होती, आणि ती ज्यांस द्यावी लागली त्यांस त्या सुखाचा वांटा मिळाला नाहीं. ही गोष्ट आपण लक्षांत ठेवूं. पुढें तिच्याकडे परत यावयाचें आहे.

पट घराबाहेर नेण्याचा पहिला मोठा प्रयोग टपालानें केला. लंडन व एडिंबरो येथील बुद्धिबळाच्या मंडळांमध्यें १८२४ पासून १८२८ पर्यंत पत्रांनीं सामना चालला, आणि तो एडिंबरोनें जिंकला. आपल्या देशांत १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, आणि अशा खेळास लागणारी सोय थोडक्या खर्चांत सर्वांच्या हातीं आली. आमचे एक मामा आमच्या लहानपणीं एका दूरच्या स्नेह्याशीं पोस्टकार्डांनीं बुद्धिबळ खेळत. त्यांच्या टेबलावरच्या पटास हात लावण्याची घरांत कोणाची छाती नसे. एकदां मांजरानें उंट पाडला, तेव्हां त्यांनीं शांतपणें जुनीं कार्डें काढून पहिल्या चालीपासून सारा डाव पुन्हा मांडला. तो प्रसंग आम्हांस अजून आठवतो, कारण ह्या पद्धतीचें मर्म त्यांत आहे. पत्रांच्या बुद्धिबळांत पट एक नसतो, दोन असतात. एक ह्या घरीं, एक त्या घरीं. प्रवास करितात त्या केवळ चाली. मध्यें टपालखातें असतें, परंतु तें पट सांभाळीत नाहीं. त्यास डाव कोण जिंकतो ह्याचें सोयरसुतकही नसतें. एकाचा पट उधळला तरी दुसऱ्याच्या घरीं डाव शाबूत असतो.

संगणकांवरील खेळांचा इतिहास पाहूं लागलों असतां हाच भेद पुन्हा आमच्या दृष्टीस पडला. एक पट कीं दोन पट, हा वाद जणूं तेथें नव्यानें मांडला गेला. इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्यानें १९७८ सालीं एक शब्दमय खेळ रचला, आणि पुढें रिचर्ड बार्टल ह्यानें तो वाढविला. ‘मड’ असें त्याचें संक्षिप्त नांव. त्याचा पट एकच होता, आणि तो विद्यापीठाच्या संगणकावर होता. संगणक खासगी माणसाच्या आवाक्याबाहेरचा असण्याचे ते दिवस. तेव्हां पट संस्थेच्या घरीं असणें अपरिहार्यच होतें.

पुढें १९९३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत ‘डूम’ नांवाचा खेळ निघाला. त्यांत चार गड्यांस एकत्र खेळतां येई, आणि त्याची रचना अगदीं आमच्या मामांच्या पोस्टकार्डांसारखी होती. प्रत्येकाच्या संगणकावर आपापला पूर्ण पट. तारेंतून जात त्या केवळ चाली. सर्वांच्या चाली पोंचल्या म्हणजे सर्वांचे पट एकदम एक पाऊल पुढें सरकत. ह्यांत दोष असा कीं, एकाचा निरोप उशिरां आला तर सगळ्यांस थांबून राहावें लागे. म्हणून त्याच मंडळींनीं १९९६ सालीं ‘क्वेक’ हा खेळ काढला तेव्हां पद्धत बदलली: पट एका यंत्रावर, बाकीचे सारे त्याचे पाहुणे. परंतु तो पट कोणाच्या यंत्रावर मांडावा ह्याचें बंधन त्यांनीं घातलें नाहीं. ज्यास हौस असेल त्यानें आपल्या घरच्या संगणकावर तो मांडावा आणि मित्रांस बोलवावें. ओसरीवरचा यजमान, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, अशा रीतीनें पुन्हा जन्मास आला.

हिंदुस्थानांत सामान्य जनांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. तें महाग होतें, टेलिफोनच्या तारेवरून येई, आणि घरोघरीं संगणकही नव्हते. त्यामुळें आपल्या शहरांत यजमानपणाचा मान सायबर कॅफेवाल्यांकडे गेला. २००० च्या सुमारास पुण्यांत, ठाण्यांत, डोंबिवलींत महाविद्यालयांची मुलें तासावर पैसे मोजून एका खोलींत शेजारीं शेजारीं बसत आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत. आमच्या वर्गांतील कांहीं रिकाम्या बांकांचें कारण आम्हांस त्या खोल्यांतच सांपडे. आम्ही तेव्हां रागावत असूं. आज मात्र आठवतें कीं, त्या खोलींत हरणारा व जिंकणारा एकमेकांचे चेहरे पाहत असत, आणि बाहेर पडल्यावर एकाच टपरीवर चहा पीत असत. पट समोरच्या संगणकावर होता, आणि त्याचा धनी गल्ल्यावर बसलेला दिसत होता.

त्यानंतर पट उठला. कसा उठला तें सांगण्यापूर्वीं वाचकांस क्षणभर मुरबाड तालुक्याच्या पूर्व सीमेवर नेलें पाहिजे. कल्याण बंदराहून जुन्नराकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग जेथें सह्याद्रि चढतो तो नाणेघाट हाच. तेथें सातवाहनांच्या राणी नागनिकेचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत अशी परंपरागत समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, तिच्यांतलें तत्त्व खरें आहे. माल पिकविणारा एक, विकत घेणारा दुसरा. परंतु खिंड ज्याच्या हातीं, त्याचा रांजण भरतो.

खेळ बनविणाऱ्या कंपन्यांस हें तत्त्व १९९६ च्या सुमारास उमगलें. ब्लिझर्ड कंपनीनें त्या वर्षाच्या अखेरीस ‘बॅटल नेट’ नांवाची सोय काढली. खेळणाऱ्यांनीं तेथें जमावें, तेथेंच गडी शोधावे. सोय उत्तम होती आणि ती फुकटही होती. कांहीं हौशी मंडळींनीं १९९८ सालीं तिच्याच धर्तीवर स्वतःच्या घरीं चालणारी एक आज्ञावली लिहिली, तिचें नांव ‘बीनेटडी’. कंपनीचें म्हणणें पडलें कीं, ही आज्ञावली खेळाची प्रत विकतची आहे कीं चोरीची हें पाहत नाहीं, त्यामुळें चोरांस मोकळें रान मिळतें. प्रकरण २००२ सालीं न्यायालयांत गेलें, आणि २००५ मध्यें अमेरिकेच्या अपील न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. कंपनीची तक्रार निराधार नव्हती, हें आम्ही मान्य करितों. परंतु परिणाम असा झाला कीं, विकत घेतलेल्या खेळाचा पट आपल्या घरीं मांडावयाचा हक्क आपणांस आहे काय, ह्या प्रश्नास “धनी म्हणेल तर” असें उत्तर मिळालें. पुढें तर पुष्कळ खेळांतून घरीं पट मांडण्याची सोयच काढून टाकण्यांत आली.

ह्याचा अर्थ काय होतो तें आपल्या मुलांस २०२० सालीं कळलें. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि खेडोपाडीं मोबाईलवर ‘पबजी’ खेळला जाऊं लागला. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें सुरक्षेच्या कारणास्तव ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत तो होता. आणि ३० ऑक्टोबर रोजीं कंपनीनें येथील खेळणाऱ्यांपुरता आपला सर्व्हर बंद केला. बंदी योग्य कीं अयोग्य हा आमचा विषय नव्हे. तो खेळ लहान मुलांच्या हातीं असावा असेंही आमचें मत नाहीं. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, कोट्यवधि लोकांच्या हातांतला पट एका रात्रींत उचलला गेला, आणि तो कोठें होता हेंही त्यांतल्या बहुतेकांस माहीत नव्हतें. सरकार मध्यें नसतांही असें घडतें. ‘सिटी ऑफ हीरोज’ नांवाचें एक अमेरिकन खेळनगर २००४ पासून आठ वर्षें नांदत होतें. ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं धन्यानें तें बंद केलें. पुढें त्याच्या चाहत्यांनीं तें स्वतःच्या यंत्रांवर पुन्हा उभें केलें, आणि जानेवारी २०२४ मध्यें मूळ कंपनीनें त्यांस रीतसर परवानगी दिली. उजाड झालेलें गांव रहिवाशांनीं पुन्हा वसवावें, आणि जमीनदारानें शेवटीं त्यास मान्यता द्यावी, असा हा विरळा प्रकार आहे.

असें आहे तर प्रत्येकानें आपला पट आपल्या घरीं कां मांडूं नये? शेणव्याच्या मुलांनींही असाच विचार केला. आणि पहिल्याच आठवड्यांत त्यांस अडचण आली. घरांतल्या व ओसरीवरच्या मुलांस पट दिसे. पण किन्हवलीच्या मित्रास कांहीं केल्या आंत येतां येईना. कारण मोठें ऐतिहासिक आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास एक अंकात्मक पत्ता लागतो, आणि मूळ योजनेंत असे पत्ते सुमारें ४२९ कोटीच होते. ही योजना आंखणाऱ्यांस तेवढे पुष्कळ वाटले. परंतु जगाच्या मध्यवर्ती सांठ्यांतील शेवटचे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपले, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलांत आशियाच्या वांट्याचा सांठाही शेवटच्या राखीव भागावर आला. इंटरनेट विकणाऱ्यांनीं मग अनेक गिऱ्हाइकांस मिळून एकच पत्ता देण्यास आरंभ केला.

गिरगांवांतल्या एखाद्या चाळीची कल्पना करा. साठ बिऱ्हाडें आहेत, पण टपालखात्यास ठाऊक आहे तो चाळीचा एकच पत्ता, खोल्यांस आंकडे नाहींत. बिऱ्हाडकरूनें बाहेर पत्र धाडलें, तर दारावरचा भय्या तें टिपून ठेवतो आणि उत्तर आलें कीं बरोबर त्याच खोलींत पोंचवितो. परंतु बाहेरचा कोणी आपण होऊन पत्र पाठवील, तर तें कोणाचें हें भय्यास कळत नाहीं आणि तो तें परत करितो. आपण कंपनीकडे जातों तेव्हां पत्र आपणच आधीं धाडतों, म्हणून कांहीं अडत नाहीं. आपणांकडे कोणी येऊं म्हणेल तेव्हां मात्र दार बंद असतें. ह्या व्यवस्थेंत पाहुणा होणें सोपें, यजमान होणें अवघड. कोणीं कट करून असें केलें नाहीं. पत्ते कमी पडले, एवढेंच. परंतु ज्यांचे पट आधींच मोठ्या घरीं मांडलेले होते त्यांच्या ती पथ्यावर पडली. पत्त्यांची नवी, कधींही न संपणारी योजना १९९८ पासून तयार आहे व आपल्या देशांत ती पुष्कळ पसरलीही आहे; तरी ती दोन्ही टोकांस असावी लागते, आणि दार उघडें ठेवणें पुन्हा विकणाऱ्याच्याच हातीं असतें.

मुलांनीं ह्यावर उपाय केला तो असा: त्यांनीं वर्गणी काढून दरमहा थोडे पैसे अधिक भरले आणि घरासाठीं एक स्वतंत्र पत्ता घेतला. मग भिंतीवरच्या राउटरला, अमुक आंकड्याच्या दारावर कोणी आलें तर त्यास कणगीजवळच्या पेटीकडे ने, असें सांगून ठेवलें. किन्हवलीचा मित्र आंत आला तेव्हां ओसरीवर जो ओरडा झाला, तो ऐकून शेजारचे लोक धांवत आल्याचें आम्हांस सांगण्यांत आलें.

पुढची अडचण आजोबांनीं उपस्थित केली. पेटी दिवसरात्र चाले. तिला साठ वॅट वीज लागते असें धरिलें तर दिवसास सुमारें दीड युनिट, महिन्यास त्रेचाळीस युनिटें. बिल पाहून आजोबा म्हणाले, “तुमचा गांव रात्रभर जागा कशाला हवा? माणसं झोपतात, तर गांवही झोपूं दे.” संध्याकाळीं सात ते दहा अशी वेळ ठरली, आणि महिन्याचा खर्च साडेपांच युनिटांवर आला. आमच्या मतें ह्या एका वाक्यांत पुष्कळ शहाणपण आहे. कंपनीचा पट कधीं उठत नाहीं, म्हणून मुलें उठत नाहींत. घरच्या पटास निजण्याची वेळ असते.

ज्या मुलखांत हें घडलें त्याचा स्वतःचा एक इतिहास आहे, तोही येथें आठवतो. १८९२ पासून तानसा तलावाचें पाणी मुंबईस जात आहे, आणि मागाहून भातसेचेंही जाऊं लागलें. हे जलाशय शहापूर तालुक्यांत आहेत. आणि त्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईस पाणी मिळूं नये असें कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. आम्ही स्वतः तें पाणी पिऊन वाढलों आहों. परंतु सांठा आपल्या दारीं आणि चावी दुसऱ्याच्या हातीं, ही स्थिति तेथील मुलांस शिकवावी लागत नाहीं. त्यांच्या खेळांतल्या गांवीं फिरतांना आम्हांस एक धरण दिसलें. घरच्या मुलास विचारलें, “ह्याचें पाणी कोठें जातें?” त्यानें बोट फिरवून कालवा दाखविला. कालवा गांवांतच येत होता.

ह्यापुढची हकीकत आम्हांस दिवाळीच्या सुटींत समजली. पावसाळ्यांत, आवणीच्या दिवसांत, एका संध्याकाळीं वीज गेली ती नेमकी पेटी आपली वही लिहीत असतां. वीज आल्यावर पाहतात तों गांव नाहीं. घरें, रस्ते, धरण, कालवा, सारें गेलें. तीन महिन्यांचें काम. एक लहान मुलगी दोन दिवस जेवली नाहीं असें तिच्या आईनें सांगितलें. येथें दोष कोणा कंपनीस देतां येईना. यजमान आपणच असल्यावर तक्रार कोणाकडे करावयाची? घरीं पट मांडणाऱ्यानें ही गोष्ट आधीं ध्यानीं घेतली पाहिजे. मोठ्या घरीं दोन-दोन विजेऱ्या असतात, रात्रपाळीचे नोकर असतात, प्रतींवर प्रती असतात. आपल्या ओसरीवर आपणच दिवा, आपणच तेल.

मुलांनीं गांव पुन्हा पहिल्या विटेपासून उभारावयास घेतलें, आणि ह्या खेपेस एक नवा नियम केला. दर रविवारीं साऱ्या पटाची प्रत काढावयाची आणि ती दुसऱ्या मुलाच्या घरीं ठेवावयाची. तो मुलगा जवळच्या ठाकरांच्या वाडींतला. त्याच्याकडे संगणक नव्हता, वडिलांचा मोबाईल तेवढा संध्याकाळीं मिळे. त्याच्या हवालीं नखाएवढें एक कार्ड केलें गेलें, आणि तें त्याच्या आईनें कुंकवाच्या डबींत ठेवलें आहे. हें ऐकतांच आम्हांस मामांचें टेबल आठवलें. एक पट ह्या घरीं, एक त्या घरीं. मांजरानें उंट पाडला तरी डाव शाबूत.

आणि ओसरीचा जो दुसरा भाग आम्हीं वर सांगितला, त्याचें काय? एवढ्यावरून तो पुसला गेला असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पेटी ज्याच्या घरीं तो मुलगा कधीं कधीं यजमानाचा तोरा दाखवी. एका मुलीशीं भांडण झाल्यावर त्यानें तिला आठ दिवस पटाबाहेर ठेवलें होतें, आणि कंपनीच्या दारीं तरी अर्ज करितां येतो, येथें तोही नाहीं, असें ती आम्हांस रागानें म्हणाली. परंतु गांवाची दुसरी प्रत वाडींत गेल्यापासून हा तोरा बराच उतरला आहे. कारण उघड आहे. ज्याच्या घरीं पटाची प्रत आहे तो नुसता पाहुणा राहत नाहीं. उद्यां मन दुखावलें तर तो आपल्या ओसरीवर तोच गांव मांडूं शकतो, आणि हें दोघांसही ठाऊक असतें.

आम्ही इतिहास शिकवितों. खेळ शिकवीत नाहीं. सत्ता एका हातीं एकवटल्याचीं आणि ती विखुरल्याचीं उदाहरणें वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों, आणि तीं बहुधा परीक्षेपुरतींच त्यांच्या लक्षांत राहतात. शेणव्याच्या मुलांस तींच तत्त्वें एका पेटीनें शिकविलीं. पट घरीं आणावा. त्यास निजण्याची वेळ ठरवून द्यावी. आणि त्याची एक प्रत आपल्याहून वेगळ्या घरीं ठेवावी. वाचकांच्या घरीं माळ्यावर एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर तो भंगारवाल्यास देण्यापूर्वीं घरांतल्या मुलांस एकदां विचारावें, एवढीच आमची विनंती आहे.

दिवाळींत आम्ही निघालों त्या संध्याकाळीं सात वाजले होते. कणगीजवळची पेटी घरघरूं लागली, ओसरीवर मुलें जमलीं, आणि आजोबा घड्याळाकडे पाहत आपल्या जागीं येऊन बसले. नव्या गांवांतलें धरण अजून पुरें झालें नव्हतें. कालवा मात्र आधीं खणून ठेवला होता.